खुंटीवरचा बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे. मित्रांनो, पदक समजून टाळ्या वाजवू नका. आमच्या कारखान्यात अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन येतं. ते आम्लात विरघळवून तेलाबरोबर घुसळतात. कामाचा धातू तेलात चढतो, जहाल विष आम्लातच राहतं. त्या विषाचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगात ते किती शिरले, हे माझ्या पोटातल्या चकत्या टिपून ठेवतात.

मी फिटरकाकांच्या खिशाला असायचो. जमिनीवरचा थेंब बघून कुठला सांधा सैल झाला, ते काका सांगायचे. दर तीन महिन्यांनी माझा आकडा वाचला जाई. तो मर्यादेबाहेर गेला, की त्या माणसाला आत पाऊल टाकायला बंदी. तेव्हा मला फार भाव होता.

एकदा टाकीखालचा नळ गळू लागला. काकांचा आकडा काठावर आला होता. साहेब म्हणाले, "काका, बिल्ला राहू द्या इथंच. तुम्हाला बाहेर बसवलं तर ती गळती काय मी काढू?"

"तुम्ही? तुम्हाला पाना उलटा की सुलटा ते कळत नाही!" काका हसले. कौतुकाने माणूस फुगतो, तसे ते फुगले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने मला खुंटीला अडकवलं. पाऊण तासाने परत आले, घामाने निथळत. पुढे ती सवयच पडली. मला भयंकर राग यायचा, पण मला तोंड कुठे होतं?

सहा वर्षांनी काकांच्या रक्तात रोग निघाला आणि ते गेले. त्यांची मुलगी कचेरीत आली. तिला एकच ओळ लिहून हवी होती, की हा आजार कामावर जडला. साहेबांनी मला टेबलावर ठेवलं.

"आकडे सगळे मर्यादेत आहेत, ताई. बिल्ला खोटं बोलत नाही."

"नसेल बोलत," ती म्हणाली. "पण तो बाबांच्या अंगावर होता का?"

साहेब कागद चाळत राहिले. ती ओळ काही त्यांनी लिहिली नाही.

मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. खुंटीला काहीच झालं नव्हतं, तेवढंच मी सांगितलं. आता मी खणात पडून आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यावर एक ओरखडा नाही, इतकं मला जपलंय. मला फक्त माणसाच्या छातीवरून काढू नका.