सातव्या महिन्यातली उशी

मित्रांनो, आज मी फाटकी, जुनी उशी आहे, पण मला हसू नका. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात मारेगावजवळच्या एका गावातल्या बायका माझ्याकडे पाहून "पोरगाच होईन" म्हणत होत्या!

माझा जन्म विमलताईंच्या माजघरात, दाराला कडी लावून झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या बहिणीची मुलगी कोकिळा अवघ्या सोळा वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. लग्नाचे वचन देणारा गाव सोडून पळाला होता. बापाला कळले असते, तर घराचे दार तिला कायमचे बंद झाले असते. बाळ उघड दत्तक घ्यावे, तर पहिला प्रश्न 'कोणाचे?' हाच आला असता. म्हणून विमलताईंनी ठरवले, मदतीच्या नावाखाली कोकिळेला आपल्याकडे ठेवायचे, मला पोटाला बांधायचे आणि आपणच गर्भार व्हायचे. हे फक्त त्या दोघी, विमलताईंचे यजमान सदाशिवराव आणि जवळच्या बंजारा तांड्यावरची सुईण रुपीबाई यांनाच ठाऊक होते.

पिंजाऱ्याकडून रुई आणावी, तर गावभर बोभाटा. म्हणून विमलताईंनी घरच्या ढिगातला कापूस सरकीसकट माझ्यात कोंबला. चूक झाली ती तिथेच! दर महिन्याला चार मुठी वाढत गेल्या. शेवटी शेवटी तर त्या बसल्या, की जमीन वीतभर खाली जाई. खोटे वाटत असेल, तर त्या जमिनीलाच विचारा.

डोहाळजेवणाला अंगणात चाळीस बायका जमल्या. कोकिळेला कांजिण्या झाल्यात असे सांगून तिला आत ठेवले होते. शेजारच्या शकुबाई ओटी भरायला वाकल्या.

"विमल, पोट एकीकडं कलंडलं काहून वं?"

"लाथा मारून राह्यला," विमलताई म्हणाल्या. त्यांच्या काळजाची धडधड मला पाठीवर बुक्क्यांसारखी लागत होती.

तेवढ्यात रानातून म्हैस परतली. तिला सरकीचा वास आला. बायकांना ढुशा देत ती थेट आली आणि तिने मला लुगड्यासकट तोंडात धरले. टर्रकन मी फाटले. सरकी अंगणभर सांडली.

दाराच्या फटीतून कोकिळेचा एक डोळा पाहत होता.

शकुबाईंनी सरकी उचलली. "हे काय वं, विमल?"

"टाक थे खाली!" रुपीबाई ओरडली. "म्याच बांधली. आमच्या तांड्यात पहिलटकरणीच्या पोटाले सरकी बांधतेत, नजर लागत नाही. अन् सांडलेली जो उचलन, त्याले जुळे होतेत!"

आठ लेकरांच्या शकुबाईंनी ती सरकी अशी भिरकावली, की बाभुळगावात जाऊन पडली म्हणतात. रुपीबाईने आपली ओढणी विमलताईंवर टाकली आणि त्यांना आत नेले. तांड्यात असली रीत कधीच नव्हती. पण पुढच्या साली गावातली प्रत्येक गर्भारीण पोटाला सरकी बांधून फिरत होती आणि म्हशी वेड्या झाल्या होत्या.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, कोकिळेला मुलगी झाली. ठरल्याप्रमाणे बाळ समोरच्या खोलीत विमलताईंच्या कुशीत गेले. बायका तिकडे गोळा झाल्या. मागच्या खोलीत कोकिळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आता निरुपयोगी झालेल्या मला तिने कोपऱ्यातून ओढून पोटाशी धरले. एवढे घट्ट मला म्हशीनेही धरले नव्हते.

बायका पांगल्यावर विमलताई आल्या. "आणू का वं तिले?"

"नको, मावशी. हातात आली तं मी देणार नाही."

बाळ रडू लागले. कोकिळेने कान झाकले. मग हात काढले.

"रडते काहून थे?"

"भूक लागली असन."

कोकिळा उठून बसली. हातचे मूल आता जाते, हे विमलताईंना दिसत होते. तरी त्या दारातून हलल्या नाहीत.

"मंग आण न, मावशी. भुकेली कायले ठेवतं?"

विमलताईंनी बाळ आणले. मला कोकिळेच्या कोपराखाली सरकवले. चार महिने मी तिथेच होते. मग कोकिळा शाळेत परत गेली. बाळ विमलताईंनाच आई म्हणू लागले, पण कोकिळा सुट्टीत आली, की विमलताई मुलीला आधी तिच्याच मांडीवर बसवीत.

मित्रांनो, बाळ पाहायला कुठे गेलात, तर बाळाचे गाल ओढायच्या आधी आतल्या खोलीत डोकावा. तिथे कोणी भिंतीकडे तोंड करून असेल, तर तिला जेवलीस का म्हणून विचारा. आणि त्या घरात आया दोन असतील, तर ताटेही दोन वाढायला सांगा.