मिगचा डावा पंख

माईंना वाटलं, चहा कपात पडतोय. प्रत्यक्षात तो सगळा ओट्यावर सांडला. डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी बंद पडून तेव्हा तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, "या डोळ्याने आता दिसणार नाही. उजवा उत्तम आहे. फक्त अंतराचा अंदाज चुकेल, हळूहळू सवय होईल." माईंची मुलगी राजसी यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन घरी आली होती.

चहा सांडला त्याच संध्याकाळी तिने माईंचं टेबल आवरलं. कटर, कात्री, स्टीलची पट्टी, चिमटा, सगळं कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. टेबलावरचं अर्धवट विमान प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने माळ्यावर टाकलं.

ते विमान म्हणजे कागदाचं मिग. खऱ्याच्या एकास तेहतीस मापाचं, हातभर लांब, एकशे ऐंशी तुकड्यांचं. माई अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला ट्रेसर होत्या. इंजिनिअर पेन्सिलीने काढायचा, त्या ते ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायच्या. कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं काम संपलं, माईंना स्टोअरला बसवलं गेलं. हात मात्र तोच राहिला. रिटायर झाल्यावर त्या कागदाची मॉडेल करू लागल्या. धरण केलं, रेल्वे इंजिन केलं, आणि आता हे जेट. धड पूर्ण झालं होतं. पंख, शेपटी आणि नाकाच्या तोंडातला तो अवघड शंकू बाकी होता.

चार दिवस माईंनी टीव्ही ऐकला. पाचव्या दिवशी राजसी ऐरोलीच्या ऑफिसला गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या.

"अगं, काय करतेयस!" श्यामकांत पेपर टाकून धावले. ते माईंचे यजमान, त्याच कारखान्यात क्वालिटीला अधिकारी होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशाला पेन असायचं.

"तुम्ही स्टूल धरा. बोलू नका."

पिशवी खाली आली. धडाचं काही बिघडलं नव्हतं, पण पंखांची पानं दुमडून त्यांना घड्या पडल्या होत्या. घडी पडलेल्या कागदाचा पंख होत नाही. माईंनी पर्स घेतली, चप्पल घातली.

"कुठे?"

"कॅम्प चारला. प्रिंट काढायला."

"इथे बदलापुरात नाही का मिळत? मी आणतो."

"कागदाची जाडी तुम्हाला कळणार नाही."

"मग मी येतो बरोबर."

"नको. एकटीला जमतं की नाही, हे मलाच ठरवू द्या."

बदलापूरच्या शिरगावहून दोन रिक्षा बदलून त्या उल्हासनगरच्या कॅम्प चारला पोचल्या. रस्ता ओलांडताना डावीकडून स्कूटर आली ती त्यांना दिसलीच नाही. स्कूटरवाला ओरडून गेला. माई दुभाजकाला धरून मिनिटभर थांबल्या. मग त्यांनी पूर्ण मान वळवून डावीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गेल्या. पुढे प्रत्येक रस्ता त्यांनी तसाच ओलांडला.

प्रिंटिंगच्या दुकानातला सिंधी मालक ओळखीचा होता. "आओ माताजी, बहुत दिन बाद! पोते का प्रोजेक्ट?"

"पोता नाही आहे. मेरा प्रोजेक्ट," माई म्हणाल्या. "पंख के पन्ने. दो-दो कॉपी. और एक कटर दो, पतला वाला."

घरी येऊन त्यांनी टेबल गॅलरीच्या दाराशी ओढलं. पहिल्याच कापात पातं रेघेच्या बाजूला उतरलं. दुसऱ्या वेळी पातं कागदाला टेकलं असं वाटलं, पण ते हवेतच होतं. गोंद लावून दोन कडा जुळवल्या, हात काढला, तर मध्ये बोटभर फट. माईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, डोळे पुसले आणि पुन्हा बसल्या.

दोन दिवसांनी त्यांना एक गोष्ट सापडली. सकाळचं ऊन तिरकं आलं की पात्याची सावली कागदावर पडते. पातं खाली येतं तशी सावली त्याच्याकडे सरकते, आणि दोघांची टोकं भेटली की पातं टेकलेलं असतं. डोळा एक असो की दोन, त्यात फरक पडत नाही. त्या दिवशी माईंनी अकरा तुकडे कापले. बारावा कापताना मात्र अधीर झाल्या आणि डाव्या हाताचं बोट कापून घेतलं.

राजसी आली तेव्हा बोटाला पट्टी होती.

"कटर कुठून आला?" तिने विचारलं. मग बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही आणून दिलात?"

"मी आणला," माई म्हणाल्या. "कॅम्प चारहून."

"एकटी गेलीस? माई, तुला कळतंय का तू काय करतेयस? रस्त्यात काही झालं असतं तर? बोटाऐवजी शीर कापली असती तर?"

"झालं असतं तर झालं असतं. मला घरात पिशवीत घालून ठेवायचं ठरवलंयस का तू?"

"मी काळजी करते म्हणून वाईट!"

"काळजी कर. कुलूप लावू नकोस. वीस वर्षं मी ब्लेडने शाई खरवडलीय, कापडाला भोक न पाडता. बोटं तेव्हाही कापायची. कुणी कपाटं बंद केली नव्हती."

"तेव्हा दोन डोळे होते!" राजसी बोलून गेली, आणि लगेच तिचा चेहरा पडला.

"हो," माई म्हणाल्या. "आता एक आहे. तो मी ठेवणीत ठेवणार नाही."

श्यामकांत उठले, राजसीच्या पर्समधून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. स्टीलची पट्टी आणि चिमटा टेबलावर ठेवला. राजसी खोलीत निघून गेली आणि तिने दार आपटलं.

पुढचा दीड महिना घरात मोजकंच बोलणं होतं. श्यामकांतांनी एकदा कापून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी कापलेली कड बघून माई म्हणाल्या, "अहो, तुम्ही चहाच करा." नाकातला शंकू सहा वेळा फसला. सातव्या वेळी तो तोंडात अलगद बसला, तेव्हा माईंनी एकटीने टाळी वाजवली. मग शेपटी. मग पंख.

विमान पूर्ण झालं त्या रविवारी राजसी टेबलाभोवती दोनदा फिरली. तिचा राग कधीच ओसरला होता, नुसतं कबूल करायचं राहिलं होतं. तिने फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत फोन वाजायला लागला.

"माई, ऐक ना. 'या वयात, एका डोळ्याने, धन्य आहे.' आणि हे बघ, 'डोळ्यांत पाणी आलं.' सगळे हात जोडतायत तुला!"

"त्यांना डोळ्याचं कुणी सांगितलं?"

"मी लिहिलं खाली."

"काढ ते."

"अगं, कौतुकच करतायत."

"डोळ्याचं करतायत. विमान कुणी पाहिलं?" माईंनी पट्टी टेबलावर उभी धरली, एका पंखाच्या टोकाशी आणि मग दुसऱ्या पंखाच्या. दोन्ही वेळा खाली वाकून त्यांनी आकडा वाचला. "डावा दोन मिलिमीटर खाली आहे. एकाला तरी दिसलं?"

"दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, माई. कागद आहे तो."

श्यामकांतही म्हणाले, "चालतं गं. फार छान झालंय."

"तुम्ही क्वालिटीला असताना पास केलं असतं?"

माईंनी कटर उचलला आणि धडालगत पातं टेकवून डावा पंख कापून काढला. राजसी किंचाळली. माईंचा हात हलला नाही. धडावर एक चराही उमटला नव्हता.

"दुसरी कॉपी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "याच्यासाठीच दोन काढल्या होत्या."

नवीन पंखाला पाच दिवस लागले. शुक्रवारी माईंनी श्यामकांतांना बोलावलं. "मोजा. चष्मा लावून मोजा, आणि माझं मन राखू नका."

श्यामकांतांनी खिशातलं पेन काढून कागदावर दोन आकडे लिहिले. पुन्हा मोजून तेच लिहिले. "सारखे आहेत," ते म्हणाले, आणि मग कारखान्यातल्या आवाजात, "पास."

माई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचे खांदे दुखत होते, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

राजसी दारात उभी होती. "फोटो टाकू परत?" तिने जरा बिचकत विचारलं.

"टाक."

"खाली काय लिहू?"

"लिही, मिग. कागद. एकास तेहतीस." माईंनी क्षणभर विचार केला. "आणि माझं नाव. पूर्ण लिही, माई नको. कुमुदिनी श्यामकांत प्रधान."