हडपसरच्या लॅपटॉपचा राग

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी हळुवार सांगावी आणि ऐकणाऱ्याने शेवटी डोळे टिपावेत, अशी पद्धत आहे. ती आज जरा बाजूला ठेवा. मी मुळात शांत स्वभावाचा. मला या घराने तापट केलं.

माझे भाग कुठकुठल्या देशांत बनले ते मलाही धड ठाऊक नाही. माझा जन्म हडपसरला झाला असंच मी मानतो, आणि तोही दसऱ्याला. आप्पासाहेबांनी मला त्यांच्या थोरल्या मुलासाठी, विश्वजीतसाठी आणलं. त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. आप्पासाहेब शेतकरी गृहस्थ. गावाचं शहर झालं, तरी त्यांचा ट्रॅक्टर दारात उभा होता. त्या दिवशी ट्रॅक्टर, कोयता, खुरपं यांच्याबरोबर माझीही पूजा झाली. मथुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. मला फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग त्या नैवेद्याच्या गडबडीत आत गेल्या आणि विश्वजीतने माझा कॅमेरा सुरू केला. पडद्यावर स्वतःला पाहून आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दिसतोय का रं मी? बरं, ऐक. तेजीला बी शिकीव ह्याच्यावर. पुढच्या दसऱ्याला तिला बी आसलाच आणू."

तेजी म्हणजे तेजस्विनी, विश्वजीतची धाकटी बहीण. ती तेव्हा शाळकरी होती आणि आपट्याची पानं द्यायला शेजारी गेली होती. विश्वजीत हसण्यात दंग होता, ऐकतोय कुठला? त्याने ते चित्रण 'प्रोजेक्ट' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि विसरला. पुढचा दसरा यायच्या आत आप्पासाहेब गेले. तिच्या लॅपटॉपचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ते वाक्य तेवढं माझ्या पोटात राहिलं.

विश्वजीतचं सगळं इंजिनिअरिंग मी ओढलं. तेव्हा मित्रांसमोर माझं कौतुक काय, मला बसायला मऊ पिशवी काय! मग त्याला खराडीत नोकरी लागली, कंपनीने नवा सडपातळ लॅपटॉप दिला आणि मी तेजस्विनीकडे आलो. त्याचा जुना स्वेटर आला होता तिच्याकडे, जुनी सायकल आली होती, तसाच मीही. तिने मात्र मला जपलं. कॉलेजात ती संगणकशास्त्रच शिकत होती.

दर दसऱ्याला मथुराबाई माझी पूजा करत राहिल्या, आणि तीही मला उघडून, थेट बटणांवर. झाकण मिटूनच पूजा कर, असं तेजस्विनीने सुचवून पाहिलं. "मिटल्याल्या देवाला कुणी कुकू लावतं का?" असं त्यांनी विचारलं. वर्षभर माझ्या अंगावर भाजीची पिशवी ठेवली तरी चालतं, फक्त त्या एका दिवशी मी देव! फुलाने शिंपडलेलं पाणी, कुंकू, तांदूळ, सगळं माझ्या फटींतून आत जात होतं. अखेर अक्षतांनी माझा पंखा अडवला. मी तापू लागलो आणि मधेच बंद पडू लागलो. सारखं असं होऊन मला चालवणारी आतली जुनी प्रणालीही मोडली, आणि पडद्यावर नुसता निळा रंग उरला. तेजस्विनीचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास अर्ध्यावर लटकला.

विश्वजीत रविवारी जेवायला आला होता. त्याने माझं बटण एकदा दाबलं आणि निकाल दिला की मदरबोर्ड गेला, हे भंगार आहे. एक स्क्रूसुद्धा न उघडता! डॉक्टरने दारातूनच रोग्याला पाहून तिरडी मागवावी, त्यातला प्रकार. नव्या लॅपटॉपचं विचारल्यावर, कॉलेजात लॅब असते की, असं म्हणून त्याने हात धुतले.

तेजस्विनीची मैत्रीण अस्मिता एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. त्यात लिनक्स नावाची प्रणाली होती. ती फुकट मिळते आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनाही झेपते. दोघींनी आधी माझी पाठ उघडली. पंख्यातून हळदीने पिवळे झालेले तांदूळ निघाले. मथुराबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते दाणे तळहातावर घेतले आणि आत गेल्या. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तर वरच्या ओळीतलं एक बटण दाबावं लागतं. नेमकं तेच कुंकवाने चिकटलेलं! ते जुन्या ब्रशने घासल्यावर मी सुरू झालो. पेन ड्राइव्हवरची नवी प्रणाली पडद्यावर आली. कितीतरी दिवसांनी माझं अंग गार होतं.

तिने आपला अभ्यास दुसरीकडे उतरवून घेतला. मग पडद्यावर प्रश्न आला, आतलं सगळं पुसून लिनक्स बसवू का? तेजस्विनी थांबली. 'प्रोजेक्ट' फोल्डर तिने पाहिलं होतं. पण दादाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने फोन लावला.

"दादा, तुझं प्रोजेक्टचं फोल्डर आहे यात. काढून ठेवू का?"

"अगं, भंगार आहे ते. काय करायचं ते कर."

"नक्की ना? परत मिळणार नाही."

"तेजू, मी मीटिंगमध्ये आहे." फोन बंद.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझ्याजवळ होता तो पंखा. तो मी जीव खाऊन फिरवला.

"पंखा मस्त चालतोय गं," तेजस्विनी अस्मिताला म्हणाली, आणि तिने 'हो' दाबलं.

अभ्यास पुरा झाला, ती पास झाली. यंदाच्या दसऱ्याला विश्वजीत बायकोला, शेफालीला, घेऊन आला. तिने सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे आमच्या विश्वजीतसाहेबांना आठवलं की आप्पांचा एक व्हिडिओ होता, त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये.

तेजस्विनीचा चेहरा उतरला. ते पुसलं गेल्याचं तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं, दादा. दोनदा."

मथुराबाई पूजेचं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "काय बोलले व्हते रं त्यात?"

"मिशीवरून हात फिरवत होते," तो म्हणाला. "पुढचं आठवत नाही."

त्याला खरंच आठवत नव्हतं, याचाच मला जास्त राग आहे. मथुराबाईंनी माझ्या मिटलेल्या झाकणावर कुंकवाचं एक बोट टेकवलं. अक्षता ताटातच राहिल्या.

डिस्क पुसली तर मला हे आठवतं कसं, असं विचाराल. वस्तूला आठवायला डिस्क लागते असं वाटत असेल, तर आपल्या घरच्या पाट्या-वरवंट्याला विचारा. माझं सांगणं एवढंच आहे. आमची पूजा नको, आम्हाला वेळच्या वेळी पुसा. आणि कुणाला भंगार म्हणण्याआधी त्याच्या पोटात तुमच्या माणसांचं काय आहे, ते एकदा उघडून बघा.

तेजस्विनी रोज सकाळी मला उघडते आणि कामाला लागते. आपल्यासाठी नवा लॅपटॉप आणावा असं या घरात कधी कुणाच्या मनातच आलं नाही, असं तिला अजून वाटतं.