एक दिवस पुरे

“सार्जंट, आधी बस. उभ्यानं ऐकायची बातमी नाही ही,” गार्लंड सायझमोर म्हणाला.

रेथा ब्लँकनशिप बसली नाही. विद्यापीठातल्या माजी सैनिकांच्या त्या लहानशा कार्यालयात गार्लंड गेली वीस वर्षं कागद पुढे सरकवत होता. स्वतः व्हिएतनामात एक पाय ठेवून आलेला. त्याचा चेहरा पडला की समजावं, सरकारनं शिक्षणासाठी दिलेले दिवस कुणाचे तरी संपत आले.

“स्ट्रक्चर्समध्ये, त्या तुळया-खांबांच्या विषयात, नापास झालीस.”

“माहीत आहे. उन्हाळ्यात पुन्हा बसते त्या वर्गाला.”

“तिथंच तर गोची आहे, बाई. छत्तीस महिने मिळाले होते तुला सरकारी खर्चानं शिकायला. गणितात दोनदा आपटलीस, दोन उन्हाळे त्यात गेले. आता उरलेत चार महिने आणि एकोणीस दिवस. या उन्हाळ्यात नाव घातलंस तर डिसेंबरात सगळं खलास. शेवटचं सत्र सरकार देणार नाही.”

“आणि नाही घातलं तर?”

“तर ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र वजा जाऊन जानेवारीत शेवटचं सत्र उघडेल तेव्हा तीन-साडेतीन आठवडे शिल्लक असतील. नियम असा, की पहिल्या दिवशी एक दिवस जरी हातात असला, तरी अख्खं सत्र सरकारच्या खांद्यावर. एक दिवस पुरे. पण स्ट्रक्चर्स सुटल्याशिवाय तुला शेवटच्या वर्षात घेणार कोण?”

रेथा आता बसली. तिचं वय चौतीस, पण केस आताच पिकलेले. केंटकीतल्या डोंगरातून एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेली, ती पूल बांधणाऱ्या तुकडीत. इराकमध्ये टायग्रिस नदीवर तिनं आणि तिच्या माणसांनी एका सकाळीत तरंगता पूल जोडला होता. घरी परतली तर ओढ्यावरचा पूल पुरात वाहून गेलेला, आणि दोन वर्षं कुणी विचारायलाही आलं नव्हतं. बापाची शवपेटी चार माणसांनी गुडघाभर पाण्यातून नेली होती. त्याच आठवड्यात तिनं विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीसाठी अर्ज भरला.

“वर्गात न बसता नुसती परीक्षा देता येते का?” तिनं विचारलं.

गार्लंडनं डोकं खाजवलं. “येते. पण परवानगी लिंडक्विस्टसाहेबांची. त्यांनीच तुला नापास केलंय.”

प्राध्यापक लिंडक्विस्टांनी तिचं म्हणणं चष्म्यावरून पाहत ऐकून घेतलं. “ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी या. तोंडी परीक्षा, फळ्यापाशी. एकदाच. पुन्हा विनवण्या करायला यायचं नाही.”

“येणार नाही, सर.”

तो उन्हाळा ती तालुक्याच्या रस्तेखात्यात खडीचा ट्रक चालवत होती. दुपारी झाडाखाली ट्रक लावून गणितं सोडवायची. संध्याकाळी आई, इमोजीन, शेंगा सोलता सोलता प्रश्नांची कार्डं वाचायची. आई आठवीत शाळा सोडलेली.

“हे ‘मोमेंट’ म्हणजे क्षण ना गं?”

“नाही गं. वाकवायची ताकद.”

“मग सरळ तसं लिहावं की मेल्यांनी! आणि हे काय, ‘शिअर’? मेंढ्या भादरायच्यात?”

रेथा हसून हसून पायरीवर आडवी झाली. पण आईनं कार्ड सोडलं नाही. “हसू नकोस. उत्तर दे. चुकलीस तर जेवण नाही.”

ऑगस्टच्या त्या सोमवारी फळ्यावर लिंडक्विस्टांनी एक लांब तुळई काढली, खाली तीन आधार, वर सारखा भार. “सोडवा.”

रेथानं पहिलं समीकरण लिहिलं. दुसरं अर्धं झालं आणि हात थांबला. परीक्षेत दर वेळी असंच व्हायचं. आकडे डोळ्यांपुढे सांडायचे आणि एकही उचलता यायचा नाही. तिनं खडू ठेवून दिला.

“संपलं?” लिंडक्विस्टांनी विचारलं.

“आकडे पळाले, सर.”

“आकडे राहू द्या. ही तुळई तडकणार. मधल्या आधारापाशी तडा कुठून पडेल? वरून की खालून?”

“वरून,” रेथा तत्काळ म्हणाली.

“निम्मी मुलं खालून म्हणतात. तुम्ही वरून का म्हणता?”

“रणगाडा चढला की पूल त्याच्याखाली बसायचा, सर, आणि खालचे खिळे ताणले जायचे. पण थोडं मागं तोच पूल पाठ उचलायचा. तिथं वरच्या कड्या करकरायच्या. मी उकिडवी बसून हात लावून बघायचे, कुठली ताणली गेली ते. इथं मधला आधार तुळईला खाली जाऊ देत नाही. म्हणजे तिथं ती पाठच उचलणार. वरचं अंग ताणलं जाणार.”

“किती?”

रेथानं फळ्याकडे पाहिलं. तुळई आता तुळई नव्हती. पाण्यावर हलणारं लोखंड होतं, आणि ते कुठं किती ओढतंय हे तिच्या तळहातांना ठाऊक होतं. तिनं खडू उचलला. अर्धं समीकरण पुरं केलं, मग तिसरं, मग चौथं. लिंडक्विस्ट खुर्चीतून उठून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले तेही तिला कळलं नाही. शेवटच्या आकड्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या.

प्राध्यापकांनी बराच वेळ फळा वाचला.

“इतके दिवस ही बाई माझ्या वर्गात कुठं लपली होती?” ते म्हणाले, आणि पास झाल्याच्या कागदावर सही केली.

गार्लंडला तिनं तो कागद नेऊन दिला. त्यानं तो दोनदा वाचला, कृत्रिम पाय खाडकन जमिनीवर आपटून उभा राहिला आणि चार माणसांदेखत तिला कडक सलाम ठोकला.

“अहो, बसा. पडाल,” रेथा म्हणाली, आणि टाचा जुळवून तिनं उलटा सलाम केला.

जानेवारीत सत्र उघडलं तेव्हा तिच्या नावावर तेवीस दिवस शिल्लक होते. तिनं त्यांचे चार महिने केले, आणि स्ट्रक्चर्सच्या पुढच्या वर्गात पहिली आली.

मे महिन्यात पदवीदानाला मैदानावर काळ्या झग्यांची रांग निघाली. इमोजीन नवीन बूट चावतात म्हणून ते हातात धरून, मोज्यांवर उभी होती. शेजारच्या बाईनं विचारलं, “तुमचं कोण यात? नात का?”

“नात कशाला, लेक आहे,” इमोजीन म्हणाली. “ती बघा. टोपीखाली पांढरे केस दिसतायत ना, ती माझी.” आणि मागच्या रांगांनाही कळावं म्हणून तिनं बूट धरलेला हात लेकीच्या दिशेनं उंच केला.