लाल शूजचं टोक

"माझाच फोटो सगळ्यांत भारी आहे ना, मिस?" मैत्रिणींनी भरीस घातलं म्हणून आश्लेषाने शाळेतल्या प्रदर्शनात परीक्षकबाईंना बेधडक विचारलं. फोटो अमेरिकेतल्या, तिथले मूळ रहिवासी नावाहो लोक पवित्र मानतात त्या दगडी कमानीचा, अगदी खाली उभं राहून काढलेला. खाली कोपऱ्यात ऐटीत तिच्या लाल शूजचं टोक.

"रंग सुरेख आलेत," बाई म्हणाल्या. "पण कमानीखाली जाऊ नका, अशी पाटी असते ना तिथे?"

आश्लेषाची कानशिलं तापली. पाटी वाचूनच ती पुढे गेली होती.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या घरी आईने दारातच टोकलं, "शूज बाहेर गं, आत देव आहेत."

शूज हातात धरून आश्लेषा तिथेच थबकली.

"आई, बाबा, उद्या मी माझा फोटो प्रदर्शनातून काढून घेणार आहे. आणि का काढून घेतला, तेही सगळ्यांना सांगणार आहे."