श्रद्धांजलीचा फ्लेक्स

नाकातला कापूस काढून इंद्रजित तिरडीवर उठून बसला आणि म्हणाला, "अहो, चारच माणसं पायजेत. गेटपासून त्या कडुलिंबापर्यंत जायचंय, बस."

समोर जुईनगरच्या त्या सोसायटीतली निम्मी माणसं पांढरे कपडे घालून उभी होती. कुणी रडायला तयार होतं, कुणी ऊर बडवायला तयार होतं. सेक्रेटरी धनाजीराव तर हातात मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालायची तालीम दुपारपासून करत होते. खांदा द्यायला मात्र कुणीच पुढे येत नव्हतं.

"बाकी काय पण सांगा, इंद्रजितभाऊ," धनाजीराव म्हणाले. "जित्या माणसाला खांदा द्यायचा आणि उद्या खरंच काय झालं तर? वैनींना तोंड कसं दाखवणार आमी?"

"वैनी इथेच उभी आहे," त्याची बायको तेजश्री म्हणाली. तिच्या हातात माइक बांधलेली लांब काठी होती. "आणि माझं पण तेच म्हणणं आहे. मी कालपासून सांगतेय, तिरडीवर बाहुला ठेव."

बाहुला चालणार नव्हता. सिनेमा होता एका सेक्रेटरीच्या मयताचा. माणूस मरतो आणि त्याची पार्किंगची जागा कुणाला मिळणार यावरून अंत्ययात्रेतच भांडण जुंपतं. भांडणात 'पार्किंग' हा शब्द आला की मढ्याची डावी भुवई उडते. सगळा सिनेमा त्या भुवईवर उभा होता, आणि अशी भुवई बाहुल्याला कुठून आणायची?

इंद्रजित सपकाळ गेली वीसेक वर्षं विनोदी सिनेमे काढत होता. काढत होता म्हणजे स्वतः लिहीत होता, स्वतः दिग्दर्शन करत होता, मुख्य कामही स्वतःच करत होता आणि शूटिंग संपलं की सतरंज्याही स्वतःच गोळा करत होता. नायक होण्यात हौस थोडी होती, सोय जास्त होती. स्वतःकडे तारखा मागाव्या लागत नाहीत. प्रत्येक सिनेमात त्याच्या पात्राचं नावही इंद्रजितच असायचं. दुसरं नाव घेतलं की कुणी हाक मारली तरी त्याचं लक्षच जात नसे. पोटासाठी तो उलव्याच्या बिल्डरांना नमुना फ्लॅटचे व्हिडिओ करून द्यायचा. त्यातून सवड काढून केलेले त्याचे सिनेमे लोक कधी गच्चीवर, कधी गणपतीच्या मांडवात आणि आता मोबाइलवर बघत होते आणि हसत होते. आपलं बरं चाललंय, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याच्या सिनेमांची एक खोड होती. शेवटी येणारी आभाराची पाटी संपता संपत नसे. ज्याने खुर्ची दिली, ज्याने चहा पाठवला, ज्याने कुत्रं धरून ठेवलं, त्या सगळ्यांची नावं पडद्यावर येत. लोक चपला घालून जिन्यापर्यंत पोचायचे तरी आभार सुरूच असायचे. एवढ्या सगळ्यांत एकच नाव कधी आलं नव्हतं, ते त्याच्या थोरल्या भावाचं. विसरला म्हणून नव्हे. हौसेरावचं नाव कशाखाली घालायचं, हेच त्याला कधी कळलं नव्हतं.

त्यांचे वडील, आप्पा, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यांची कंबर गेली तेव्हा टोळीतली त्यांची जागा घरातल्या कुणीतरी घ्यायची होती. इंद्रजित तेव्हा तुर्भ्यात आप्पांजवळच राहत होता, जागा त्याचीच होती. तो मार्केटात गेलाही, पण आठवड्याच्या आतच आप्पांसमोर उभा राहून म्हणाला, मला नाटकात काम करायचंय. मग गावाकडून, पाटण तालुक्यातून, हौसेराव आला. त्याला शेती सोडायची नव्हती, म्हशी सोडायच्या नव्हत्या. येऊन त्याने गुमान आप्पांचा बिल्ला छातीला लावला आणि गोणीखाली मान दिली. त्यावर घरात पुन्हा कधी शब्द निघाला नाही. दोघे भाऊ दिवाळीला भेटायचे, सणासुदीला जेवायचे. पण हौसेरावने इंद्रजितचा एकही सिनेमा बघितला नव्हता. बोलावलं की म्हणायचा, "मला काय कळतंय त्यातलं." आपण करतो ते दादाला आवडत नाही, असं इंद्रजितने मनाशी धरलं होतं. आणि ज्याला आपलं काम आवडत नाही, त्याचे आभार कोणत्या तोंडाने मानायचे?

त्या संध्याकाळी उजेड गेला तरी चार खांदे काही मिळाले नाहीत. सोसायटीने आवार दोनच दिवसांसाठी दिलं होतं. उद्या नाही जमलं तर शेवटाशिवायचा सिनेमा पेटीत ठेवावा लागणार होता. बाकी सगळं उद्या तसंच लागेल म्हणून जागच्या जागी ठेवलं. त्यात नाक्यावर लावलेला फ्लेक्सही राहिला. फ्लेक्सवर इंद्रजितचा हसरा फोटो होता, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. इंद्रजित' आणि त्याखाली 'शोकाकुल : समस्त सोसायटी परिवार'. सिनेमाचा फ्लेक्स म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. सोसायटीला सगळं ठाऊक होतं, आणि नाक्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाचा कुणी विचारच केला नाही.

तो परका माणूस सकाळी आला. पाटणकडचा एक टेम्पोवाला नाक्यावरून चालला होता. त्याने फ्लेक्स बघितला, हात जोडले, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकून दिला. गावाने तुर्भ्याला हौसेरावला फोन केला. जुईनगर ते तुर्भे अंतर ते काय, पण बातमी पाटणला वळसा घालून आली. हौसेरावने इंद्रजितला फोन लावला तर बंद. तेजश्रीला लावला तर बंद. शूटिंगला सगळ्यांचे फोन बंद हा इंद्रजितचा कायदा होता, पण ते हौसेरावला कुठून माहीत असणार? घरातली दोन्ही माणसं फोन उचलत नाहीत म्हटल्यावर त्याला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

इंद्रजित त्या वेळी तोंडाला पावडर फासून, नाकात कापूस घालून तिरडीवर पडला होता. कॅमेऱ्यामागे मैत्री होती. ही मुलगी एरवी लग्नाची शूटिंग करायची आणि इंद्रजितच्या सिनेमाला हक्काने सुट्टी टाकून यायची. ती त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बघत होती. पांढऱ्या कपड्यातली माणसं गेटपाशी घोळका करून उभी होती. तेवढ्यात मार्केटचा टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून हौसेरावची सगळी टोळी उतरली. कामावरून तशीच निघालेली, अंगावर कांद्याची टरफलं. एकाच्या हातात बांबू, एकाच्या हातात पांढरं कापड, शिवरामच्या हातात मडकं. रीत चुकायला नको म्हणून वाटेत सामानसुद्धा घेऊन आले होते.

शेवटी हौसेराव उतरला. त्याने घोळका बघितला, तिरडी बघितली, तिच्यावरचं तोंड बघितलं आणि तिथेच रस्त्यात खाली बसला.

"बापू," तो म्हणाला. "आरं बापू, मला न सांगता गेलास व्हय रं?"

बापू म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. इंद्रजितने डोळे उघडले आणि तो उठून बसला. शिवरामच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. टोळीतले दोघे टेम्पोत परत चढले.

हौसेराव मात्र हलला नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडंच राहिलं होतं. मैत्रीचा कॅमेरा चालूच होता. असं रडणं पडद्यावर आणायला सिनेमावाल्याचा जन्म जातो, हे इंद्रजितइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं.

"कट," तो म्हणाला. "मैत्री, पूस ते. दादाचं काहीच ठेवू नकोस."

"पुसलं," मैत्री म्हणाली.

इंद्रजित तिरडीवरून उतरून भावापुढे गेला. हौसेरावने आधी त्याच्या एक कानफटात ठेवून दिली. मग त्याच्या नाकातले कापसाचे बोळे आपल्या हाताने काढले, धोतराला पुसले आणि खिशात घातले.

"दादा, शूटिंग आहे रे," इंद्रजित म्हणाला.

"कळलं मला," हौसेराव म्हणाला. "आता कळलं."

धनाजीरावांनी खुर्च्या मागवल्या, तेजश्रीने चहा टाकला. टेम्पोत चढलेले दोघे खाली उतरले. सगळ्यांनी फोन चालू केले तर सारखी घंटी वाजायला लागली. उरणच्या काकीपासून कोरेगावच्या मावशीपर्यंत सगळ्यांना तेजश्री सांगत होती, "अहो, आहेत. इथेच आहेत. चहा पितायत." कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. ज्यांनी कधी सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, ते त्यातले प्रसंग सांगून रडत होते. इंद्रजित एकेकाचं ऐकत होता आणि मान खाली घालून बसला होता. एवढी माणसं आपली आहेत हे त्याला माहीत नव्हतं.

"आमी समदे पिच्चर बघितल्यात तुमचे," शिवराम म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. टाकीवर अडकलेला पाव्हणा तर टोळीला तोंडपाठ हाय. फकस्त हौसेदादा उठून जातो."

"माहीत आहे," इंद्रजित म्हणाला. "त्याला आवडत नाही."

हौसेरावने बशी खाली ठेवली. "आवडत न्हाई आसं कोन म्हनलं?"

"मग बघत का नाहीस?"

"एकदा बघितला रं थोडा. तू जिन्यावरनं गडगडत खाली आलास आनि ही समदी हसाया लागली. तुला त्यात कोनबी टपली मारतंय, कोनबी ढकलतंय. मला न्हाई बघवत. तुला काय लागलं म्हंजी?"

वीस वर्षं इंद्रजित जे धरून बसला होता, ते सगळं फुकटच होतं. त्याला दादाचे पाय धरावेसे वाटले, पण भोवती सगळी सोसायटी चहा पीत होती.

"लागत नाही दादा," तो एवढंच म्हणाला. "खाली गादी असते."

"आसंल," हौसेराव म्हणाला. मग त्याने तिरडीकडे बघितलं. "आनि ह्ये काय आडलंय? आसंच ठेवून दिलंय म्हनून विचारतो."

तेजश्रीने सगळं सांगितलं. खांदा द्यायला कुणी तयार नाही, सोसायटीची परवानगी आज संपतेय, सिनेमा राहूनच जाईल बहुतेक. सांगताना तिने इंद्रजितकडे बघितलंही नाही. अपशकुनाची धास्ती तिलाही होतीच.

हौसेरावने बोटांनी मिशी चाचपली. "तेजू, मरनाची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढतं. आता पार पाटनपतूर उठलीया. आता ह्येला काय हुतंय?" तो उठला आणि उजव्या खांद्यावर पंचाची घडी टाकली, गोणीखाली टाकतात तशी. "शिवराम, मागं ये. पडतोस का रं बापू?"

खिशातले बोळे काढून त्यानेच ते परत इंद्रजितच्या नाकात घातले, पण सैल, श्वास घेता येईल असे.

टोळीने तिरडी उचलली तेव्हा इंद्रजितला कळलंच नाही की आपण वर गेलो. कुठे हिसका नाही, कुठे झोल नाही. चौघांचं पाऊल एकदम पडत होतं. धनाजीराव आपलं मडकं धरून पुढे निघाले, मागे भांडण सुरू झालं, आणि 'पार्किंग' म्हटल्याबरोबर मढ्याची डावी भुवई उडाली. हसू आवरत मैत्री कॅमेरा घेऊन मागे मागे चालत होती. आजवर इतकी छान भुवई उडाली नव्हती.

मग कडुलिंब आला. शॉट तिथे संपणार होता. पण कट म्हणायचं ते फक्त इंद्रजितने, हाही त्याचाच कायदा होता. त्यामुळे कुणी थांबलं नाही. इंद्रजित डोळे मिटून पडला होता. डोक्याकडच्या उजव्या बांबूखाली दादाचा खांदा होता आणि त्याचा श्वास कानाशी ऐकू येत होता. हाच खांदा आपल्या जागी गोणीखाली गेला म्हणून आपण आजवर लोकांना हसवत फिरलो, हे त्याला नेहमीच माहीत होतं. आज ते अंगाखाली लागत होतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि पावडर ओली करत कानाकडे गेलं. मढ्याने रडून चालत नाही, शॉट बिघडतो, हे कळत असूनही त्याने ते पुसलं नाही.

मैत्रीने कॅमेरा खाली घेतला. तेजश्रीने माइक खाली केला. मागचं भांडणही थांबलं. नाक्यावरचा फ्लेक्स मागे पडला तरी टोळी चालतच होती.

"दादा, खांदा बदलू का?" शिवरामने मागून विचारलं.

"ऱ्हाऊ दे," हौसेराव म्हणाला. "हलकाच हाय."