लेखकाची आई

पुस्तक फुकट का वाटलं, असं विचारायला लोक येतात ते मनातल्या मनात माझ्यासाठी हार घेऊनच. ज्ञानदान, गरीब विद्यार्थी वगैरे ऐकायचं असतं त्यांना. तसलं काही नव्हतं. मला एका माणसाचं नाक कापायचं होतं.

दक्षिण कोरियातल्या देगूच्या विद्यापीठात मी कंत्राटी प्राध्यापक होते. डोंगरउतार का घसरतात, यावर डोळे फुटेस्तोवर खपून पुस्तक लिहिलं. ते खपलं नाही. न खपलेल्या पुस्तकाचं आमचे प्रकाशक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. मुखपृष्ठ फाडायचं आणि नवं चिकटवायचं. त्यावर नाव कुणाचं, तर बढतीसाठी ज्या प्राध्यापकाला पुस्तक हवं असेल त्याचं. माझ्या गठ्ठ्यावर आमचे विभागप्रमुख मेंग ग्यू-सोक येऊन बसले.

"मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता?" प्रकाशक रयू म्हणाला. "गोदामात उंदीर खाणार होते, ते सरांनी खाल्लं. पुढच्या वेळी तुम्हालाही देऊ की दुसऱ्याचं एखादं."

आतलं एकही पान बदललं नव्हतं. मेंगनी आत डोकावलंसुद्धा नसणार, नाहीतर दरडीचा फोटो दिसला असता. दरडीची उंची कळावी म्हणून मी तिच्यापुढे माझ्या आईला उभी केली होती, हातात लसणाची जुडी. खाली छापलं होतं, 'मापासाठी उभी : लेखकाची आई.'

माझ्या नावाची जुनी प्रत घेऊन मी चौकशी समितीपुढे गेले.

"मुखपृष्ठ काय, कुणीही चिकटवतं," अध्यक्ष म्हणाले. त्यांना माहीत असणारच. त्यांच्या कपाटात असली दोन होती. मी फोटो पुढे केला.

"मेंगसाहेब, या बाई कोण?"

मेंगनी चष्मा चढवला. ते पान ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. "आई माझी," ते म्हणाले आणि चक्क रुमाल काढला. "गेली बिचारी."

"अहो, जिवंत आहे ती! गावी, उइसोंगला, लसूण सोलत बसलीय. लावू फोन?"

"बोंगबाई, गेलेल्या माणसावरून तमाशा नको. शोभत नाही," अध्यक्षांनी मलाच दटावलं.

पुस्तक मेंगांचं ठरलं. जुनी प्रत समितीनं ठेवून घेतली, आणि माझं कंत्राट संपलं ते संपलंच. त्या रागात मी सगळं पुस्तक इंटरनेटवर टाकलं. माझं नाव काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'घ्या. मुखपृष्ठावर वाटेल त्याचं नाव घाला.'

मेंग आपल्या वर्गाला ते पुस्तक सक्तीनं घ्यायला लावायचे. सत्र सुरू झालं त्या दिवशी मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. प्रत्येक बाकावर झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेली प्रत, आणि लेखक म्हणून ज्याचं त्याचं नाव. प्यो नावाच्या पोरीनं तर कुत्र्याचं घातलं होतं.

"हे पुस्तक माझं आहे!" मेंग ओरडले.

"आमचंही आहे, सर," प्यो म्हणाली. "आणि आई गेल्याचं कळलं. आमचीही तीच हो."

अख्खा वर्ग उठला आणि मर्तिकाच्या घरी वाकतात तसा कमरेत वाकला. मेंग खरंच रडले. या वेळी त्यांना रुमाल सापडेना. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "अगं, ते पुस्तक पाठव की. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्या मानतच नाहीत, की मी लेकीच्या पुस्तकात आहे म्हणून."

माझ्याकडे एकही प्रत उरली नव्हती. मी झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"नाव कुणाचं घालू?" दुकानदारानं विचारलं.

"बोंग ही-सुक. माझंच."

त्यानं पानं लावता लावता फोटो पाहिला आणि हसला. "म्हणजे ही तुमचीही आईच का?"

"हो," मी म्हटलं. "खरंच माझी आई आहे."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला.